निरीक्षण आणि अनुमान यांच्यामधली रेघ

कृती, निरीक्षण, अनुमान. विज्ञानाच्या प्रयोगवहीत पट्टी-पेन्सिलीनं आखलेले हे तीन रकाने आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीच्या ओळखीचे आहेत. स्मरणिका समितीनं ‘शाळेतल्या एखाद्या विषयाबद्दल लिही’ असं कळवलं, तेव्हा रसायनशास्त्राची प्रयोगशाळा हा विषय मी मागून घेतला. खरं तर मी रसायनशास्त्राची नव्हे. १९९६ साली दहावी, आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी, मग अभियांत्रिकीची पदवी आणि गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर. पण शाळेत शिकलेलं रोजच्या कामात सर्वांत जास्त काय उपयोगी पडतं, असं कुणी विचारलं, तर मी त्या वहीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यामधली उभी रेघ दाखवीन.

आमच्या विज्ञानाच्या बाई त्या रेघेबाबत फार कडक होत्या. परीक्षानळीत जस्ताचे तुकडे आणि त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, हा प्रयोग सगळ्यांना आठवत असेल. वर्गातल्या बऱ्याच वह्यांत निरीक्षणाच्या रकान्यात ‘हायड्रोजन वायू तयार झाला’ असं लिहिलेलं असे. बाई ते लाल शाईनं खोडत आणि विचारत, “हायड्रोजन दिसला का तुला? कसा होता दिसायला?” दिसले होते ते बुडबुडे. वायूला रंग नव्हता, वास नव्हता. जळती काडी नळीच्या तोंडाशी नेल्यावर ‘फट्’ असा आवाज होऊन वायू पेटला. निरीक्षण एवढंच. हायड्रोजन हे नाव पलीकडच्या रकान्यात लिहायचं. तेव्हा आम्हाला हा निव्वळ काटेकोरपणा वाटे. रसायनशास्त्राचा इतिहास पुढे आवडीनं वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की ही रेघ ओढायला भल्याभल्यांना झगडावं लागलं आहे, आणि ती ओढल्यावरच आजचं रसायनशास्त्र उभं राहिलं आहे. त्याच इतिहासातल्या काही गोष्टी इथे सांगते. शेवटी आपल्या शाळेसाठी एक मागणंही आहे.

एकच वायू, दोन अनुमानं

अठराव्या शतकात युरोपात असं मानलं जाई की, जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं द्रव्य असतं आणि पदार्थ जळताना ते बाहेर पडतं. लाकूड जळून थोडी राख उरते, म्हणजे बाकीचं फ्लॉजिस्टन होतं ते गेलं. डोळ्यांना पटणारीच गोष्ट.

१ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलेनं पाऱ्याच्या लाल भस्मावर मोठ्या भिंगातून ऊन एकवटलं. त्यातून एक वायू निघाला. त्यात मेणबत्ती धरली तर ती झगझगीत पेटली. हे निरीक्षण अचूक होतं. अनुमान मात्र त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे काढलं: ही फ्लॉजिस्टन काढून टाकलेली हवा, म्हणून ती जळणाऱ्या वस्तूतलं फ्लॉजिस्टन हावरेपणानं ओढून घेते. त्याच वर्षी पॅरिसला गेला असताना त्यानं ही हकिगत लाव्हाझिएला सांगितली. लाव्हाझिएनंही तोच वायू तयार केला, तशीच मेणबत्ती पेटलेली पाहिली. पण त्याच्याकडे चांगले तराजू होते आणि प्रयोगाआधी व प्रयोगानंतर सगळं वजन करायची सवय होती.

त्याचा एक प्रयोग तर आठवडाभराहून अधिक चालला. चार औंस पारा त्यानं ५० घनइंच हवेच्या संपर्कात सलग १२ दिवस तापवत ठेवला. पाऱ्यावर लाल कण जमले आणि हवा ४२-४३ घनइंच राहिली. ते लाल भस्म गोळा करून तोललं, ते ४५ ग्रेन भरलं. मग तेच भस्म जोरात तापवलं, तेव्हा ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायू निघाला. जेवढी हवा कमी झाली होती, जवळजवळ तेवढीच परत आली. पारा तापताना त्यातून काही बाहेर पडलं नव्हतं, उलट हवेतलं काही त्यात आलं होतं. त्या ‘काही’ला लाव्हाझिएनं ऑक्सिजन हे नाव दिलं. १७८९ साली त्याचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ आला आणि फ्लॉजिस्टनचं आसन डळमळलं. प्रीस्टले मात्र १८०४ मध्ये मरेपर्यंत फ्लॉजिस्टनवर विश्वास ठेवून होता.

दोघांची निरीक्षणाची नजर सारखीच तीक्ष्ण होती. फरक पडला तो मोजमापामुळे. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर दोन्ही अनुमानं बसत होती. वजन केल्यावर त्यातलं एकच टिकलं. ‘बदल झाला’ असं न लिहिता ‘किती बदल झाला’ असं लिहा, हा बाईंचा आग्रह इथून येतो.

लाव्हाझिएच्या प्रयोगशाळेबद्दल आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. त्याच्या ग्रंथातल्या उपकरणांच्या आकृत्या त्याच्या पत्नीनं, मारी-ॲननं काढल्या आहेत. प्रयोगांच्या नोंदी ठेवण्याचं कामही ती करी. एका चित्रात प्रयोग चालू असताना बाजूच्या टेबलापाशी बसून ती लिहिताना दिसते. प्रयोग करणाऱ्याइतकंच लिहून ठेवणाऱ्याचंही महत्त्व असतं. नाहीतर त्या ४१.५ ग्रेनमधला तो अर्धा ग्रेन आपल्यापर्यंत पोचलाच नसता.

गुंज, तोळा आणि ग्रॅम

मोजमाप आपल्याकडे नव्हतं असं मुळीच नाही. सोनाराच्या काट्यावर गुंजेच्या बिया असत. आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा. तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची. एका रानवेलीच्या बीवर एवढं बारीक वजन तोलणं ही काही साधी करामत नव्हे. निरीक्षणही होतं. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक होतं, कुंकू त्यातूनच होई. हळद पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग तांबडा होतो, हे आजही प्रत्येक घरात दिसतं. आम्लारीचं हे दर्शक आपल्या मिसळणाच्या डब्यात पिढ्यान् पिढ्या आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलनं १६६४ साली व्हायोलेट फुलांचा पाक आम्लानं लाल आणि आम्लारीनं हिरवा होतो, हे लिहून छापलं. तो वेगवेगळे पदार्थ त्या पाकात टाकून पाहत गेला आणि ही पदार्थ ओळखण्याची रीत ठरली. पाहणं दोन्हीकडे होतं. लिहून ठेवणं, दुसऱ्यानं तसंच करून पाहावं इतक्या तपशिलानं लिहिणं, इथून पुढचा रस्ता सुरू होतो.

दुसऱ्यानं तसंच करून पाहायचं तर दोघांचं माप एक हवं. आपल्याकडे एका मुलखाचा शेर दुसऱ्या मुलखात चालत नसे. बंगालचा शेर ८० तोळ्यांचा, मुंबईचा त्याहून कितीतरी लहान. फ्रान्समध्ये तरी काय, क्रांतीपूर्वी प्रांतोप्रांती मापं वेगळी होती. नवी दशमान मापं ठरवण्याच्या कामात लाव्हाझिएचाही हात होता. ठरावीक आकारमानाच्या शुद्ध पाण्याचं वजन काळजीपूर्वक करण्याचं काम त्यानं रने हॉई याच्याबरोबर केलं. क्रांतीच्या धामधुमीत ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी, १७९५ च्या एप्रिलमध्ये, ग्रॅम कायद्यात आला. भारतात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. माझी आजी शेवटपर्यंत दूध शेरात आणि धान्य पायलीत मोजत होती. माझ्या आईच्या पिढीनं दोन्ही मापं एकदम सांभाळली. आम्ही थेट ग्रॅमवर आलो.

अकरावीत काचेच्या पेटीतला तराजू हाताळायला मिळाला, तेव्हा या सगळ्याचं वजन कळलं असं म्हणायला हरकत नाही. वजनं बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्यानंच धरायची, कारण बोटाचा घाम आणि तेलही वजनात भर घालतं. पेटीचं दार लावल्याशिवाय काटा वाचायचा नाही, कारण श्वासानंही तो हलतो. मिलिग्रॅमची वजनं म्हणजे पत्र्याचे चिमुकले चौकोन. एक हरवलं की सगळी बॅच गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत असे.

कापडाच्या धंद्यातून आलेली ब्युरेट

ब्युरेटची जन्मकथा मला फार आवडते, कारण तिचा उगम विद्यापीठात नाही, कापडाच्या धंद्यात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कापड क्लोरीनच्या पाण्यानं पांढरं करायची युक्ती निघाली. पाणी सौम्य पडलं तर कापड पिवळट राही, तीव्र झालं तर कापडच सडे. रुआं गावच्या देक्र्वाझील नावाच्या रसायनज्ञानं उपाय काढला: निळीचं द्रावण घ्यायचं आणि त्याचा रंग उडवायला ते पाणी किती लागतं, ते खुणा केलेल्या काचेच्या नळीनं मोजायचं. तीव्रता डोळ्यांना दिसत नाही, पण रंग जाताना दिसतो. जे दिसत नाही ते दिसणाऱ्या गोष्टीवरून मोजायचं, हीच अनुमापनाची सगळी युक्ती. १८२४ साली गे-ल्युसॅकनं ‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ हे शब्द वापरले आणि तेच रूढ झाले. १८५०च्या दशकात जर्मनीत मोर यानं नळीच्या टोकाला रबराचा तुकडा आणि चिमटा लावून थेंब-थेंब सोडता येईल अशी ब्युरेट वापरात आणली आणि १८५५ मध्ये अनुमापनावर पुस्तक लिहिलं.

आपण जी शिकलो ती जवळजवळ तीच. डोळा द्रवाच्या पातळीच्या रेषेत आणायचा, वरून किंवा खालून पाहिलं तर आकडा बदलतो. रंगहीन द्रावण असेल तर वक्राची खालची कड वाचायची. पोटॅशियम परमँगनेट असेल तर खालची कड दिसतच नाही, म्हणून वरची. शंकुपात्राखाली पांढरी फरशी किंवा कागद ठेवायचा. फिनॉल्फ्थॅलीन टाकलेल्या आम्लात अल्क सोडताना मधेच गुलाबी भोवरा उमटून नाहीसा होतो. शेवटी शेवटी तो रेंगाळायला लागतो, मग हात आवरायचा. एक थेंब म्हणजे एका मिलिलिटरचा साधारण विसावा भाग. त्या एका थेंबानं सगळं पात्र फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. गडद गुलाबी झालं, तर थेंब जास्त पडला. रंग देखणा आला तरी रीडिंग बाद. मग पुन्हा सगळं धुवायचं आणि पुन्हा करायचं, एकसारखी रीडिंग्ज येईपर्यंत.

हा ‘पुन्हा’ हाच खरा धडा. एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, मग ते स्वतःचं का असेना.

अकरा मिलिग्रॅम

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मी माझ्या टीममध्ये नव्यानं आलेल्या प्रत्येक मुला-मुलीला सांगते.

१८९०च्या सुमारास इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले वायूंची घनता अत्यंत बारकाईनं मोजत होते. नायट्रोजन त्यांनी दोन प्रकारांनी मिळवला. एक, हवेतून ऑक्सिजन वगैरे सगळं काढून टाकून. दोन, अमोनियासारख्या नायट्रोजनच्या संयुगांपासून. एकाच काचेच्या गोलात भरून तोलल्यावर हवेतला नायट्रोजन भरला सुमारे २.३१० ग्रॅम आणि संयुगातला सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक ११ मिलिग्रॅमचा. गुंजेच्या दहाव्या भागाहूनही कमी!

इथे कुणीही म्हटलं असतं, जाऊ दे, प्रयोगातली चूक असेल. दोन्हींची सरासरी काढून मोकळं व्हावं. रॅलेनी तसं केलं नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. हवेतून ऑक्सिजन काढायला कधी तापलेलं तांबं वापरलं, कधी तापलेलं लोखंड. संयुगंही बदलून पाहिली. प्रत्येक वेळी हवेतला नायट्रोजन तेवढाच जड निघाला. चूक असती तर कधी इकडे, कधी तिकडे गेली असती. हा फरक नेहमी एकाच बाजूचा होता. १८९२ साली त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र छापून, याचं कारण कुणाला सुचतंय का, असं जाहीर विचारलं.

विल्यम रॅमसे यांनी या कोड्यात हात घातला. हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून वारंवार फिरवून त्यांनी शोषून घेतला, तरी थोडा वायू उरलाच. तो कशाशीच संयोग पावेना. १८९४ मध्ये दोघांनी नव्या मूलद्रव्याची घोषणा केली: आर्गॉन, म्हणजे ग्रीक भाषेत आळशी. आपण प्रत्येक श्वासात जी हवा घेतो तिचा जवळजवळ एक टक्का भाग हा वायू आहे, आणि तोवर त्याचा कुणाला पत्ता नव्हता. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या गोष्टीला एक जुनी पुरवणी आहे. १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिशनं हवेतल्या नायट्रोजनवर विजेच्या ठिणग्या पाडून तो संपवत आणला, तेव्हा शेवटी एक छोटा बुडबुडा उरला. मूळ वायूच्या १२०व्या भागाहून तो जास्त नाही, अशी नोंद त्यानं करून ठेवली. तो काय आहे हे त्याला सांगता आलं नाही, आणि त्यानं ते उगाच सांगितलंही नाही. अनुमानाचा रकाना कोरा राहिला, निरीक्षणाचा भरला. शंभरेक वर्षांनी ती ओळ रॅले-रॅमसेंच्या उपयोगी पडली.

हे रॅमसे १९०० साली जमशेटजी टाटांच्या बोलावण्यावरून भारतात आले होते. नियोजित विज्ञानसंस्थेसाठी त्यांनी बंगळूरची शिफारस केली, आणि त्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले ते रॅमसेंचेच सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स. याच संस्थेच्या दारात १९३३ साली आपल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, उभ्या राहिल्या. मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला, मग अटी घालून प्रवेश दिला. त्यांनी काम करून दाखवलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. उतारवयात त्या मुंबईच्या ग्राहक चळवळीत होत्या आणि ग्राहकांसाठी लिहीतही असत. प्रयोगशाळेत कमावलेली नजर बाजारातल्या वजनमापाकडे आणि भेसळीकडे वळवणं, मला वाटतं, विज्ञानशिक्षणाचा याहून चांगला उपयोग नाही.

प्रयोगशाळा शाळेत कशी आली

फार पूर्वी विद्यार्थी रसायनशास्त्र फक्त ऐकत. प्राध्यापक टेबलावर प्रयोग करून दाखवी, मुलं बाकांवरून पाहत. १८२४ मध्ये जर्मनीत गीसेन इथे रुजू झालेल्या लीबिगनं विद्यार्थ्यांना स्वतः तोलायला, मोजायला, पृथक्करण करायला लावलं आणि ही पद्धत त्याच्या शिष्यांबरोबर जगभर गेली. शतकाच्या अखेरीस लंडनच्या हेन्री आर्मस्ट्राँगनं शाळकरी मुलांसाठी तोच आग्रह धरला: उत्तर आधी सांगू नका, मुलांना ते शोधू द्या.

आपल्याकडे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय यांनी असाच वारसा उभा केला. पारा आणि विरल नायट्रिक आम्ल थंड ठेवून एक क्षार बनवत असताना त्यांना तळाशी पिवळे स्फटिक दिसले. अपेक्षित नव्हते. फेकून न देता त्यांनी ते तपासले आणि १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइट जगापुढे आलं.

शाळांपुरतं बोलायचं तर मध्य प्रदेशातला होशंगाबादचा प्रयोग विसरता येणार नाही. १९७२ मध्ये १६ ग्रामीण शाळांत तो सुरू झाला. महागडी उपकरणं नाहीत, पाठांतर नाही. मुलं गटागटानं प्रयोग करणार, आकडे लिहिणार, गटांचे आकडे वेगळे आले तर का आले यावर वाद घालणार. पुढे तो शेकडो शाळांत पोचला. २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला. पण त्यातून घडलेली माणसं उरली. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी करणारे अरविंद गुप्ता १९७०च्या दशकात या कार्यक्रमात गेले होते, आणि नंतर पुण्याच्या आयुकात त्यांनी मराठी मुलांच्या कितीतरी तुकड्यांना हातानं विज्ञान करायला लावलं.

आज काय उपयोग?

माझं काम प्रोग्रॅममधले बिघाड शोधण्याचं. तक्रार येते: ‘सर्व्हर बंद पडलाय.’ हे अनुमान झालं. मी विचारते, काय दिसलं? किती वाजता? पडद्यावर नेमकी कोणती अक्षरं आली? दुसऱ्यांदा केल्यावर तसंच झालं का? दहापैकी पाच वेळा सर्व्हर ठणठणीत असतो आणि गडबड वेगळीच निघते. आमच्या क्षेत्रात याला मोठमोठी नावं आहेत. मला बाईंची लाल शाई आठवते.

हीच रेघ घरीही लागते. ‘तो माझ्यावर चिडलाय’ हे अनुमान, ‘त्यानं फोन उचलला नाही’ हे निरीक्षण. डॉक्टरांकडे ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणण्याऐवजी ‘जेवणानंतर तासाभरानं इथे जळजळतं’ म्हटलं तर उपचार नीट होतात. मोबाइलवर रोज येणाऱ्या ढकलपत्रांत तर पहिले दोन रकाने नसतातच. सगळा मजकूर तिसऱ्यातला.

पण एक कडू गोष्टही सांगायला हवी. पुढे मी ज्या महाविद्यालयात शिकले, तिथे वरच्या वर्गाची फाइल खाली येई आणि तिच्यातली रीडिंग्ज जशीच्या तशी उतरवली जात. काहीजण तर अपेक्षित उत्तर घेऊन उलट दिशेनं रीडिंग्ज तयार करत. त्यालाच पैकीच्या पैकी गुण मिळत. उत्तर दरवेळी बरोबर. अशा वहीत आर्गॉन कधीच सापडला नसता, कारण ते ११ मिलिग्रॅम सर्वांत आधी खोडले गेले असते. ही सवय आता शाळांपर्यंत पोचल्याचं अनेक पालक सांगतात. प्रात्यक्षिक हे वेळ खाणारं काम, गुण तर तसेही मिळतात, अशी समजूत झाली आहे.

मेळाव्याच्या निधीतून शाळेसाठी काय करावं, याची आपल्यात चर्चा चालू आहे. एक सूचना मोठ्या पडद्याची आणि संगणकावरच्या आभासी प्रयोगशाळेची आहे. माझं पोट ज्या धंद्यावर चालतं, त्याच धंद्यातली ही वस्तू. तिला नावं ठेवायला मी बसलेली नाही. धोक्याचे प्रयोग, अणूंची रचना, हे पडद्यावर उत्तम समजतं. पण असे बहुतेक प्रोग्रॅम ठरलेल्या सूत्रानं आकडा काढतात. तिथे थेंब जास्त पडत नाही, नळीत बुडबुडा अडकत नाही, शेजारच्या गटाचं रीडिंग वेगळं येत नाही. म्हणजे ज्या जागी मूल थबकून ‘हे असं का?’ म्हणतं, तीच जागा नसते.

म्हणून माझी विनंती अशी. निधीचा पहिला हिस्सा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला द्यावा. प्रत्येक दोन मुलांमागे एक ब्युरेट, शंभराव्या ग्रॅमपर्यंत दाखवणारे चार-पाच डिजिटल काटे, डोळ्यांसाठी चष्मे, धूर बाहेर टाकणारा पंखा आणि दरवर्षी फुटणाऱ्या काचसामानासाठी थोडी राखीव रक्कम. दुसरं, शिक्षकांशी बोलून वर्षातून निदान एक प्रात्यक्षिक असं ठेवावं, ज्यात गुण उत्तराला नसून नोंदींना असतील: जे आलं तेच लिहिलं का, पुन्हा करून पाहिलं का, फरक पडला तर तो मांडला का. तिसरं, आपल्यापैकी जे गावात किंवा जवळपास राहतात, त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा. प्रयोगशाळेत हातांची कमतरता आहे, आणि काचसामान धुवायला पदवी लागत नाही. जुलैपासूनच्या शनिवारांसाठी मी माझं नाव समितीकडे दिलं आहे. आणखी सात-आठ जण मिळाले तर अकरावीच्या सगळ्या बॅच होतील.